काळं निघेपर्यंत

दार ढकलताच करपट वास सविताच्या नाकात शिरला. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती आधी आतल्या खोलीत धावली. तीन वर्षांची चिमी पलंगावर गाढ झोपली होती. खिडक्या सताड उघड्या होत्या, पंखा गरगरत होता. सविताने लेकीच्या छातीवर हात ठेवून पाहिला, आणि मग कुठे तिच्या जिवात जीव आला.

सासूबाई मोरीत होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. शेजारी राखेचा डबा. पिंगळीहून पूर्णेला धाकट्या लेकाकडे, परमेश्वरकडे, राहायला येताना नर्मदाबाईंनी लुगड्यांच्या आधी तो डबा पिशवीत भरला होता. साबणाच्या वडीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. गोवरीची राख आणि नारळाचा काथ्या, यांच्यापुढे जगातला कोणताही डाग टिकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

"चिमीसाठी शिरा टाकला व्हता," त्या वर न बघताच म्हणाल्या. "दारावर भाजीवाली आली. तिच्यासंगं बोलत बसले, अन् इसरले गं माय."

सविताने त्यांच्या हातातली कढई पाहिली. तिची नॉन-स्टिकची कढई. आता तिचा तळ पांढराफटक पडला होता. करपलेला रवा केव्हाच निघाला होता. त्याच्यामागे कढईचं मूळचं काळं अस्तरही खरवडून निघालं होतं, आणि सासूबाई अजून काठाशी झुंजत होत्या.

"लय जळली व्हती बघ. काळं निघायलंय, निघायलंय, सरतच न्हाई. पर आता बघ, पार चांदीवानी झाली. परमेश्वरला कळायचं बी न्हाई."

गरम पाण्यात जरासा सोडा टाकून भिजत ठेवली असती, तर स्पंजाने अलगद निघालं असतं. पण त्यासाठी आधी कुणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे सांगायचं. ते नर्मदाबाईंना परवडणारं नव्हतं. मागे कुकर जळला तेव्हा परमेश्वर म्हणाला होता, "पुन्हा असं झालं तर आईला दादाकडं नेऊन सोडतो. पोरीच्या जिवाशी खेळ नको." दादाकडं म्हणजे पिंगळीला. तिथं सगळी माणसं दिवसभर शेतात, दाराला बाहेरून कडी, आत एकट्या नर्मदाबाई. परमेश्वर चुकीचं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती. सविताला आत्ताही त्या दिवशी लेकीच्या केसांना येणारा धुराचा वास आठवत होता.

जिन्यात बुटांचा आवाज आला. रेल्वेतली ड्यूटी संपवून परमेश्वर दारात उभा राहिला.

"वास कशाचा यायलाय?"

नर्मदाबाईंनी काळे हात पदराखाली घेतले. चोर सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं. "माझ्याकडून कढई करपली," सविता म्हणाली. "फोनवर बोलत राहिले. मग घासली चांगली."

परमेश्वरने कढई हातात घेऊन उलटीसुलटी केली. "शाळेत पोरांना शिकवतीस, अन् एवढं कळत न्हाई? नॉन-स्टिकला असं घासतेत का? ते काळं म्हणजे करपलेलं नव्हतं, कढईच तशी असते. टाकून दे आता. कामातनं गेली."

तो हात धुवायला गेला. हे आपण सासूबाईंसाठी बोललो की उद्या चिमीला त्यांच्यापाशी ठेवून शाळेत जाता यावं म्हणून बोललो, सविताचं तिलाच कळेना. तिला स्वतःची लाज वाटली.

नर्मदाबाई कढईकडे बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "ती काळीच व्हती व्हय गं?"

"असू द्या, आत्याबाई."

"मला वाटलं, समदं जळलंय."

त्या रात्री त्या खाली मान घालून जेवल्या. सकाळी मात्र नेहमीसारख्या उठल्या. भाकरी थापल्या, सविताचा डबा स्वतः भरला, पिशवीही स्वतः बांधली. "चिमीचं दूध थर्मासात वतून ठेव," ती निघताना त्यांनी बजावलं. "मला काय, थंड भाकर चालती." बरं झालं, गाडी रुळावर आली, असं वाटून सविता घाईघाईनं बाहेर पडली.

मधल्या सुट्टीत तिने पिशवी उघडली. डब्याखाली जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी होती. शेजारच्या खुर्चीवरच्या उत्तराबाईंनी मान लांब केली. "काय गं, सासूबाईंनी गोडधोड दिलंय वाटतं?"

सविताने गाठ सोडली. आत गॅसच्या शेगडीची दोन्ही बटणं होती, राखेनं लख्ख घासलेली.