इंजिनाला हाळी

आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवणारी हरणाकाकू जलमभर पायीच हिंडलेली. मिरजेला तिची लेक बाळंत झाली म्हणून मी काकूला भिलवडी स्टेशनावर आणलं. गाडी बघताच ती माघारी फिरली. “एवढं धूड हाकतंय कोण? बुजलं म्हंजी?” नातू बघायचाय, पण पाय उचलंना. मला खोडी सुचली. “आवं काकू, इंजिन म्हंजी पुढची मेंढी. धनगराची हाळी ऐकल्याबिगर हलत न्हाई. खिडकीत बसून घाला की!” काकू चढली. सिग्नल हिरवा दिसताच मी फलाटावरनं खुणावलं. “हुर्रर्रऽऽ!” गाडी हलली. सगळा फलाट हसला. काकू मात्र डबे बघत ओरडली, “काठी न्हाई, कुत्रं न्हाई, तरी एक बी मागं न्हाई ऱ्हायलं!” आठवड्यानं ती परतल्यावर मी इचारलं, “नातू कसा?” “ब्येस. पर तुजं इंजिन लय हुशार रं! एकदाच शिकवलं, येताना हाळीबिगर आलं. आता कोल्हापूरपतूर न्हेऊन बगू.”