तोपर्यंत

“काकू, झाकण उघडलं की चालू!” विक्रेत्यानं लॅपटॉपची उघडझाप करून दाखवली.

“मग बंद कधी होतो?” मृदुलानं विचारलं.

“बंद करायचाच नाही. मिटला की झोपतो.”

“म्हणजे चालूच राहतो?”

“चालू नाही, बंदही नाही. पूर्ण बंद केलात तरी लगेच उठेल.”

“आणि तोपर्यंत काय करायचं?”

“तोपर्यंत?” तो हसला. “तोपर्यंत उरतच नाही, काकू. हीच तर खासियत!”

ती हसली नाही. नवरा आणि ती मिळून विम्याचं ऑफिस चालवायचे. जुना लॅपटॉप सुरू व्हायला इतका रेंगाळायचा, की रोज सकाळी बटण दाबून दोघं चहा घेत बसत. एकदा काम सुरू झालं की बोलायला फुरसत नसे. मुलीच्या लग्नाचा विचार, भांडणं, समेट, सगळं त्या चहावरच व्हायचं. नवरा गेला, तरी लॅपटॉप सुरू होईतो ती त्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायची. मग लॅपटॉपही गेला.

“जरा हळू सुरू होणारा नाही का?”

“असं कोण मागतं, काकू?”

त्यानं दाखवला तोच तिनं घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं चहा ओतला, त्याच्या खुर्चीकडे तोंड केलं आणि लॅपटॉप उघडला. पडदा उजळला. तिनं तो पूर्ण बंद केला, पुन्हा सुरू केला. पडदा उजळला.

तिनं आपली खुर्ची लॅपटॉपकडे वळवली आणि पहिली पॉलिसी उघडली. चहा अजून इतका गरम होता, की तोंडाला लावता येत नव्हता.