मागच्या भेटीबद्दल आभार

सीगल अगदी डोक्यावरून गेला. बोर्गहिल्डने दालचिनीचा बन छातीशी धरला आणि दुसरा हात उंच करून जोरजोरात हलवला. तरी अर्धा बन गेलाच.

"मेल्या, आधी मासे संपव की बंदरातले!" ती ओरडली आणि उरलेला अर्धा तिथेच बाकावर बसून खाऊन टाकला. शेवटचा घास तोंडात असतानाच तिच्यापुढे एक उंच माणूस येऊन उभा राहिला. वय साठीच्या पुढचं, हातात प्रवासाची बॅग.

"मागच्या भेटीबद्दल आभार," तो टोपी काढत म्हणाला.

बोर्गहिल्डने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीच आठवलं नाही.

"तुमचेही," ती घास गिळून म्हणाली. "मागच्या भेटीबद्दल आभार."

नॉर्वेतल्या या बर्गन शहरात मागच्या भेटीचे आभार मानायची रीतच आहे, आणि त्याला दुसरं उत्तर नाही. कुठली भेट, असं विचारणं म्हणजे ज्याच्या घरी पोटभर जेवलो त्यालाच नाव विचारणं. आणि बोर्गहिल्डला तर ते मुळीच परवडणारं नव्हतं. गेल्या महिन्यात तिने मुलीसमोर, मारितसमोर, शेजारणीला भलत्याच नावाने हाक मारली होती. तेव्हापासून ती मुलगी वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं घेऊन यायची. शेवटी दोघींचं ठरलं होतं. आणखी एक ओळखीचा चेहरा विसरला, तर घर विकायचं. "आणि लपवायचं नाही हं, आई," मारित म्हणाली होती. बोर्गहिल्डने शब्द दिला होता.

"एकटेच आलात?" तिने जपून विचारलं.

"एकटाच. योरुन इस्पितळात आहे. सोमवारी ऑपरेशन."

"योरुन!" जितक्या काळजीने म्हणायला हवं तितक्या काळजीने ती म्हणाली. बायकोच असणार. "बिचारी. कशी आहे आता?"

"तिचं काय सांगायचं! डॉक्टरलाच धीर देतेय." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "माझीच पंचाईत झालीय. मासळीच्या व्यापाऱ्यांची परिषद आहे म्हणे. एकाही हॉटेलात खोली नाही. तुम्ही इथल्या. कुठे टेकावं सांगाल का?"

"माझ्याकडे," बोर्गहिल्ड म्हणाली. तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. "इस्पितळ पायी जाण्यासारखं आहे. आर्विडची खोली रिकामीच असते. चार वर्षं झाली त्याला जाऊन."

त्याने मान खाली घातली आणि टोपी छातीशी धरली. म्हणजे हा आपल्या नवऱ्याच्या दफनविधीला आला असणार, बोर्गहिल्डला वाटलं. त्या दिवशीचं तिला फारसं काही आठवत नव्हतं.

"रिकाम्या हाताने नाही यायचो मी," तो म्हणाला. "वाइन तरी घेऊ द्या."

"मग आधी ते सरकारी दारूचं दुकान गाठा. वाइन दुसरीकडे मिळत नाही, आणि शनिवार आहे आज. त्यांनी कुलूप लावलं, की सोमवारपर्यंत पाणी प्यायचं."

वाइन मिळाली. मग मासळीबाजारातून कॉड मासा घेतला. कोपऱ्यावरच्या ताज्या माशांकडे तो वळला, तसं तिने त्याची बाही ओढली. "तिथे नको. ते पर्यटकांसाठी. आपण मागच्या बाजूला." तिथून लोकरीच्या दुकानात. इस्पितळातली जमीन गार असते, म्हणून योरुनसाठी जाड मोजे.

"पाहुणे वाटतं?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"जुनी ओळख," बोर्गहिल्ड म्हणाली आणि घाईघाईने मोजे निरखू लागली.

"स्टाइनार," त्याने हात पुढे केला.

स्टाइनार. बोर्गहिल्डने ते नाव मनात घट्ट धरून ठेवलं.

घराच्या दारावरच्या पाटीपाशी तो जरा रेंगाळला. "तुमच्याकडून बंदर छान दिसतं, बोर्गहिल्ड," तो म्हणाला. बूट काढून त्याने कोट बरोबर खुंटीवर अडकवला. दिवासुद्धा न चाचपडता लावला. हा इथे नक्की येऊन गेलाय.

कॉडचं सूप तिने बटाटे, साय आणि कांद्याची पात घालून केलं होतं. स्टाइनारने दोनदा घेतलं.

"मागच्या वेळी मी काय केलं होतं बरं?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

त्याचा चमचा वाटीतच थांबला. "मागच्या वेळी? मागच्या वेळी... सगळंच उत्तम होतं."

तिने पुढे विचारलं नाही. त्यानेही बटाट्यांची स्तुती सुरू केली.

जेवण झाल्यावर तो उठला, जेवणाबद्दल आभार म्हणाला, आणि मग तिथेच उभा राहिला. "बोर्गहिल्ड, आज तुम्ही नसतात, तर मी स्टेशनच्या बाकावर असतो. योरुनची काळजी करायलाही धड जागा नसती. कसे आभार मानू, कळत नाही."

"मोजे दोन जोड घ्यायला हवे होते," ती म्हणाली. या टेबलावर चार वर्षांनी दोन वाट्या मांडल्या होत्या. आभार खरं तर तिनेच मानायला हवे होते.

तो योरुनला फोन करायला खोलीत गेला. बोर्गहिल्ड स्वयंपाकघरात बसून राहिली. खिडकीबाहेर संध्याकाळचा उजेड बंदरावर रेंगाळत होता. हे दृश्य आता कोण पाहील, असं तिच्या मनात आलं. एवढा भला माणूस, घरी येऊन गेलेला, आणि आपल्या डोक्यात त्याचा मागमूस नाही. शब्द म्हणजे शब्द. तिने मारितला फोन लावला.

"आई? बोल ना. काय झालं?"

"मारित, ऐक. आज एक..."

लाकडी भिंत पातळ होती. पलीकडून स्टाइनारचा दबका आवाज आला.

"अगं योरुन, मी तरी काय करणार? नावसुद्धा दारावरच्या पाटीवर वाचलं! घर तेवढं आपल्यासारखंच, खुंटी आणि दिवा त्याच जागी. जन्मात पाहिलं नाही मी या बाईंना. पण बंदरावर त्यांनीच लांबून हात केला, एवढा उंच, जोरजोरात. मग ओळख दाखवायला नको?"