चांदीची डबी

"ऊठ पानावरून!"

चन्नप्पांचा आवाज इतका चढला की वाढप्याच्या हातातली वरणाची बादली जागीच थांबली. रामलिंगने नुकतीच गळ्यातली चांदीची डबी उघडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं होतं. पूजा करायची आणि घास उचलायचा, एवढंच उरलं होतं. सगळी पंगत त्याच्याकडे बघू लागली. निजामाची गाडी परभणीच्या ठेसनात धूर ओकते आणि आपला लेक कल्याणला बिनधुराच्या, विजेच्या इंजिनांचा इंजिनेर आहे, हे मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांना दाखवायलाच तर चन्नप्पांनी ही पंगत घातली होती.

"बसवंतराव सांगायलेत ते खरं हाय का? कामावर तू लिंग काढून खुंटीला टांगतूस?"

पलीकडच्या पानावरचे बसवंतराव मिठाशी चाळा करत बसले. मागच्या महिन्यात ते कल्याणला रामलिंगच्या खोलीवर आठवडाभर राहिले, त्याच्या हातचं जेवले, हौसेने इंजिनं बघून आले. पण काही लोकांना खाल्ल्या घरचे वासे मोजल्याशिवाय अन्न पचत नाही.

"खरं हाय, अप्पा," रामलिंग म्हणाला. "इंजिनाच्या पोटात शिरताना अंगावर धातू चालत न्हाई, अंगठीसुद्धा न्हाई. आमच्यातल्या एकाची साखळी विजेला लागली. माझ्यासमोर जळाला तो. लिंगाचा दोष न्हाई, चांदीचा हाय."

"जीव गेला तरी लिंग अंगावरून सुटत न्हाई आपल्या लिंगायतांचं! ज्याचं सुटलं तो जिता असून मेला. मेलेल्याच्या पंगतीला कोण बसंल?"

दोघं-तिघं पाहुणे पान सोडून उठलेसुद्धा.

रामलिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. इंजिनातून बाहेर आला की हात धुऊन आधी तो ती डबी गळ्यात घालायचा, मगच पाण्याचा घोट घ्यायचा. खुंटीकडे जाताना रोज चोरासारखं वाटायचं. हे सगळं त्याने कुणासाठी सोसलं? याच माणसाच्या इभ्रतीसाठी. आणि तोच आज भरल्या पंगतीत त्याला मेला म्हणत होता! खरं काय ते बोलून टाकावं, असं जिभेवर आलं. पण बापाची अब्रू वेशीवर टांगायची त्याची छाती झाली नाही. दात आवळून तो उठू लागला.

"बस खाली."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आई, सिद्धम्मा, बाहेर आली. पुरुषांच्या पंगतीत ती कधी तोंड उघडत नसे. आज ती थेट नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नोकरीला लागला तवाच पोरानं फडकं मागितलं होतं. लिंग फडक्यात बांधतो, मला चांदी नको, म्हणला. तवा तुमीच वरडलाव, इंजिनेराचा देव चिंधीत दिसला तर मोंढ्यात माझी काय इज्जत ऱ्हाईल? माझं लिंग लहानपणापासून फडक्यातच हाय. मी मेले का?"

"सिद्धम्मा, आत जा!"

ती गेली नाही. तिने त्यांच्या खांद्यावरचं नवंकोरं उपरणं ओढलं आणि टरकन फाडलं. पट्टी लेकापुढे धरली. रामलिंगने गळ्यातली डबी उतरवून पानाशी ठेवली, लिंग पट्टीत गुंडाळलं, गाठ मारली, गळ्यात बांधलं. राग अजून उतरला नव्हता, आणि तो लवकर उतरणारही नव्हता.

उठलेले पाहुणे एकमेकांकडे बघत मुकाट्याने परत पानावर बसले.

सिद्धम्माने रिकामी डबी साखळीसकट उचलली आणि चन्नप्पांच्या पानात, भाताच्या मुदीवर ठेवली.

"जेवा," ती म्हणाली.