सात नंबरचं पाकीट

फिंटन क्रीहनच्या कपातला चहा बशीत सांडला, तेव्हा मॅलकी टूहीची खात्रीच पटली. असल्या थरथरत्या हातानं रूळ सोल्डर होणं शक्यच नव्हतं.

चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये रेल्वे क्लबचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं. टेबलाटेबलावर इवल्या आगगाड्या पळत होत्या आणि सगळी गर्दी लोटली होती ती फिंटनच्या सात नंबरच्या टेबलाशी. मॅलकीच्या चार नंबरपाशी एकच म्हातारा उभा होता, तोही बसायला खुर्ची शोधत.

मॅलकीच्या पोटात दुखत होतं, आणि का दुखतंय ते त्याला नीट ठाऊक होतं.

बाजारात मिळणारा तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. त्यावर आयरिश गाडी चालवायची म्हणजे थोराड माणसाला पोराची चड्डी चढवण्यासारखं. आयरिश रुळाची खरी रुंदी या मापात एकवीस, आणि ती हवी तर रुळाखालचा एकेक स्लीपर हातानं मांडून वर तापल्या सळईनं रूळ सोल्डर करावा लागतो. मॅलकी अकरा वर्षं तेच करत आला होता. घरामागच्या शेडमध्ये जे करायचा ते रात्रीच्या जेवणाला घरी सविस्तर सांगायचा. बायको, डिम्फना, बटाटे वाढता वाढता 'हं, हं' करायची. एवढं करून तीनदा उत्तम रुळांचा चषक त्याच्या हातून थोडक्यात हुकला होता. आणि हा फिंटन, जन्मभर तयार रुळांवर गाड्या फिरवणारा गडी, यंदा एकवीसची अख्खी लाइन घेऊन हजर! गाडीला रूळ बदलायला लावणारे चार सांधे, तीव्र वळण, आणि सकाळपासून एक डबा घसरला नव्हता.

मॅलकी वाकून बघत राहिला. सांध्याच्या जिभेवर बारीक तिरपी झळाळी होती. छपराच्या जुन्या स्लेटवर तेलाचा थेंब टाकून घासलं तरच ती येते. ही युक्ती त्याची स्वतःची होती. क्लबात त्यानं कुणाला तिचा वासही लागू दिला नव्हता. शेडला कुलूप होतं आणि किल्ली त्याच्या खिशात.

तो तणतणत चहाच्या टेबलाशी गेला. डिम्फना किटली घेऊन उभी होती.

"अंगठा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"बराय. स्कोन भाजायचं म्हटलं की चटके आलेच."

"ते जाऊ दे. बुधवारी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जातेस, तेव्हा फिंटनचं घर वाटेतच लागतं ना? दारात कुणाची परकी गाडी दिसली कधी? उत्तरेकडच्या नंबरप्लेटची?"

"नाही बाई. गाडी नसते कुणाची."

"मग रात्री येत असणार. तिकडे लिस्बर्नला एक जण आहे म्हणतात, पैसे मोजले की हवे तसे रूळ घालून देतो."

"सोड ना मॅलकी. छान झालंय म्हण आणि मोकळा हो." मग किटलीकडे बघतच तिनं विचारलं, "खरंच छान झालंय का रे?"

"तेच तर दुखणं आहे! माझ्यापेक्षा चांगलं झालंय. पण हे बाहेर कुणाला बोललीस तर बघ."

पुसलेलाच कप डिम्फनानं पुन्हा पुसायला घेतला.

मॅलकी तसाच फिंटनपुढे जाऊन उभा राहिला. "कुणाकडून करून घेतलंस?"

"गाडी येतेय, हात काढ," फिंटन म्हणाला.

"तुझ्याच्यानं धड कप धरवत नाही, आणि रूळ घातलेस?"

"मी घातले असं कधी म्हणालो? मी गाडी फिरवतो. तेवढं जमतं अजून."

"म्हणजे कबूल!"

"पाकीट फुटेपर्यंत दम धर की लेका. अकरा वर्षं थांबलास, आणखी दहा मिनिटं थांब."

गावात जो तो कुणाचा तरी मावसभाऊ, म्हणून क्लबनं पाकिटांची पद्धत पाडली होती. परीक्षकाला फक्त टेबलाचा नंबर कळायचा. गाडी कुणीही फिरवावी. पण ज्यानं स्वतःच्या हातानं रूळ घातले त्याचंच नाव बंद पाकिटात हवं. आता त्यात फिंटनचं नाव असलं की तो कायमचा बाद, आणि चषक चार नंबरला.

बेलफास्टचे परीक्षक मिस्टर ऑर स्टेजवर चढले. "यंदाचा चषक, टेबल नंबर सात."

"माझी हरकत आहे!" मॅलकी ओरडला. "ते फिंटन क्रीहनचं काम नाही. हात बघा त्याचे! त्यात त्याचं नाव असेल तर ते धडधडीत खोटं आहे."

"बसा हो मिस्टर टूही. पाकीट तर उघडू द्या."

"उघडा की! सगळ्यांसमोर उघडा. आणि खऱ्या कारागिराचं नाव निघालं, तर चषक त्यालाच द्या. मी स्वतः उठून टाळ्या वाजवीन!"

"शब्द देतोस?" मागून फिंटननं विचारलं.

"दिला!"

मिस्टर ऑरनी चिठ्ठी काढली. वाचली. चष्मा सारखा करून पुन्हा वाचली.

"टूही असं लिहिलंय."

मॅलकीला हसू फुटलं. "अहो, ते माझं पाकीट उघडलंत तुम्ही. माझा नंबर चार."

"नाही, नंबर सातच आहे."

हॉलच्या मागच्या बाजूला किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. डिम्फनानं अ‍ॅप्रनची गाठ सोडली आणि गर्दीतून वाट काढत ती स्टेजकडे निघाली. तिच्या अंगठ्यावर पट्टी होती, बुधवारच्या तालमीनंतर गुरुवारी सकाळी मॅलकीनंच फुंकर घालून बांधलेली.