पाव लिटर जास्त

अकरा वर्षांत पहिल्यांदाच सासऱ्यांनी आपली गाडी जावयाच्या गॅरेजमध्ये आणली, आणि आणली तीही शेजारच्या सीटवर तेलाचा डबा घेऊन.

"तुझ्या नवऱ्याला सांग, साठच्या आसपास इंजिन थरथरतं," ते मुलीला म्हणाले. नवरा दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. "जाड तेल घातलं, महागाचं घातलं. हा शेवटचा डबा. यानेही नाही थांबलं तर चार वाजता भंगारवाला येतोय."

मुलीने मान वळवली. "बाबा म्हणतायत..."

"ऐकलं मी. बाबांना सांग, डबा राहू दे. गाडी सुरू करा म्हणावं."

भांडण असं काही नव्हतं. पहिल्या भेटीत सासरे "मेकॅनिक ना? बरं," एवढंच म्हणाले होते आणि जावयाने ते मनाला लावून घेतलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं तिच्यामार्फत चाले, आणि वाटेत त्याच्या कडा झिजत. बाबांचं "अक्कल आहे का त्याला?" नवऱ्यापर्यंत पोचेस्तोवर "जरा बघून घेशील का?" होई.

सासऱ्यांनी अडतीस वर्षं तेलाचं दुकान चालवलं होतं. कुरकुर दाराची असो की गुडघ्याची, औषध एकच. हे इंजिन त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपलं होतं, आणि इंजिनात जरा जास्तच घालून.

जावयाने बायकोच्या हातातला चहाचा कप घेतला आणि बॉनेट उघडून इंजिनाच्या झाकणावर ठेवला. सासरे गाडीत बसून इंजिनाचा वेग वाढवू लागले. चहा आधी शांत होता. मग एका ठरावीक वेगाला कप नाचायला लागला, चहा बाहेर सांडला. वेग आणखी वाढल्यावर पुन्हा शांत.

"एकाच वेगाला," जावई पुटपुटला, आणि गाडीखाली शिरला.

तासाभराने त्याने इंजिनाच्या पुढच्या टोकाची पुली काढून बायकोला दाखवली. दोन लोखंडी कड्या, एकीत एक, आणि मध्ये रबराचा पट्टा.

"आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, प्रत्येक धक्क्याला पिळवटतो," तो हळू आवाजात म्हणाला. "तो पीळ हे रबर सोसतं. तेल लोखंडाला लोखंडावर घासू देत नाही, पण पीळ त्याच्याने थांबत नाही. हे बघ, रबर फुगून लिबलिबीत झालंय. बाबा दर वेळी खुणेच्या वर पाव लिटर घालतात. ते जादाचं तेल पुढच्या सीलमधून झिरपतं आणि इथे येतं. नवीन पुली बसवतो, पण वर्षभरात तिचंही हेच होणार. तू सांग त्यांना."

तिने वडिलांकडे पाहिलं. ते टायरवर बसून होते, मांडीवर डबा, नजर घड्याळाकडे. याच गाडीवर त्यांनी तिला ड्रायव्हिंग शिकवलं होतं. तिला त्यांची फार दया आली.

"नाही," ती म्हणाली. "हे मी नाही पोचवणार. तूच सांग."

पंख्याचा पट्टा सैल होता असं खोटंच सांगितलं असतं तर आजचा दिवस निभला असता. जावई उठला, सासऱ्यांसमोर गेला आणि पुली त्यांच्या हातात दिली.

"बाबा, इंजिन ठणठणीत आहे. हे रबर गेलंय. तेलामुळे गेलंय. तुम्ही जास्त घालता, त्या तेलामुळे."

सासऱ्यांनी रबरात नख रुतवलं. बोटाला लागलेलं काळं चोळलं, हुंगलं. अडतीस वर्षांचं नाक होतं ते.

"माझंच आहे," ते म्हणाले. आणि सवयीने मुलीकडे वळले. "तुझ्या नवऱ्याला विचार..."

मुलगी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. इतक्या मन लावून तिने ते कधीच वाचलं नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी जावयाकडे सरळ पाहिलं.

"किती घालू मग?"

"वरच्या खुणेपर्यंत. तिच्या जरा खाली राहिलं तरी चालतं."

"पाहुण्याला वाढताना हात आखडू नये, म्हणून घालायचो."

"पाहुण्याचं पोट भरलंय, बाबा."

सासरे हसले, आणि खिशातून फोन काढून भंगारवाल्याला येऊ नको म्हणाले.

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवीन पुली आली, बसली. मुलीने चहा आणला. एक कप पुन्हा झाकणावर गेला.

"वाढवू?" सासऱ्यांनी आतून विचारलं.

"वाढवा. अजून. थांबा, इथेच."

ज्या वेगाला कप नाचला होता, तो आला आणि गेला. चहा जागचा हलला नाही. सासरे इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. दोघं बॉनेटखाली वाकून वाद घालू लागले, आधी सीलवरून, मग पट्ट्यावरून.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," जावई म्हणाला.

"आणि तुला तेलातलं?" सासरे म्हणाले.

मुलगी थोडा वेळ उभी राहिली, कुणी आपल्याकडे वळतंय का ते बघत. कुणी वळलं नाही. मग तिने झाकणावरचा कप उचलला, टायरवर बसली, आणि चहा गरम होता तोवर पिऊन टाकला.