भरलेलं अंग

नागपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तरण्याताठ्या देवमनच्या कानात बोलणारे आवाज थांबले. पण भूक वाढली, अंग सुटलं. त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. धनजच्या दुष्काळी कामावर सगळ्यांची हाडं दिसत होती, त्यात हा एकटाच गरगरीत. त्याची माय पंचफुला आपल्या वाट्याची भाकर त्यालाच वाढायची आणि म्हणायची, "मी मंगाशीच जेवली."

एक दिवस खडी फोडता फोडता विमलबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "पंचफुले, तुहा पोरगा कायच्यानं फुगून राह्यला वं? घरात जवारी लपवली काय?"

गोळ्यांचं सांगितलं असतं, तर गावानं देवमनला पागल ठरवलं असतं. पंचफुला मान खाली घालून म्हणाली, "हो, हाय लपवलेली."

बायांनी तिच्याकडे पाठ फिरवली. पलीकडे टोपलं उचलणाऱ्या देवमननंही ते ऐकलं.

संध्याकाळी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला. हात धरून त्यानं तिला शेजारी बसवलं.

 

"घरात जवारी हाय ना, माय? मंग आजपासून तूबी माह्यासंगं पोटभर जेव."